वाकळेचा भाव

वाकळ विकायला बसलेल्या बाईला गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं तो असा : "जुन्याच साड्यांची ना? मग एवढे पैसे कशाचे?" विचारणारा माणूस वाईट नसतो. पण त्या प्रश्नात एक चोरी आहे आणि ती दिवसाढवळ्या बाईच्या तोंडावर होते, म्हणून तिच्याबद्दल लिहायचं ठरवलं.

आधी साडीचंच बघू. जुनी साडी फुकट असते हे कुणी सांगितलं? दारावर बोहारीण येते, चार साड्या घेते आणि पातेलं देते. ती पाचवी मागते, घरची बाई देत नाही, अर्धा तास घासाघीस चालते. म्हणजे जुन्या साडीला बाजार आहे. तीच साडी वाकळेत गेली की लोक तिची किंमत शून्य धरतात. शिवाय अस्तराला कापड लागतं, दोरा लागतो, सुया मोडतात.

आता हाताचं. आमच्या वस्तीवर एक वहिनी आहेत, त्यांचा दोरा बघत राहावा असा. कडेपासून धरतात आणि चौकोनात फिरत फिरत मधे येतात, टाका तांदळाएवढा, कुठं कमी नाही की जास्त नाही. मी त्यांच्याबरोबर बसून हिशेब केला. दुपारचे तीन तास, असे वीस दिवस. साठ तास झाले. आमच्याकडे खुरपणीला बाई दहाला येते आणि पाचला जाते, मधे भाकरी. कामाचे तास सहा आणि रोज ३०० रुपये. साठ तास म्हणजे दहा रोज, ३,००० रुपये. अस्तर आणि दोरा ४००. साड्या धरल्याच नाहीत तरी ३,४०० रुपयांना ती वाकळ घरातच पडली. वहिनींनी ती १,२०० ला दिली होती. त्यातून मालाचे ४०० गेले, राहिले ८००, म्हणजे रोजाला ८० रुपये. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर ३१२ रुपये होता.

वहिनी म्हणाल्या, "रिकामंच बसायचं तर दोरा घातला भाऊ, त्येचं काय पैसं लावायचं?"

मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही रिकाम्या कवा बसलात ते सांगा."

हा फावला वेळ नावाचा शब्द कुणी काढला कोण जाणे. पहाटे धारा, मग भाकऱ्या, मग रान, आणि दुपारी पाठ टेकायची त्या वेळात डोळे बारीक करून टाके घालायचे, याला फावला वेळ म्हणतात. रात्रपाळीचा वॉचमन खुर्चीवर बसून असतो म्हणून त्याचा पगार कुणी निम्मा करत नाही. ७२ च्या दुष्काळात इंदापूर-बारामतीकडच्या बाया खडी फोडायला जात होत्या. मी लहान होतो पण खडीचे ढीग आठवतात. त्या ढिगाचंसुद्धा माप व्हायचं आणि मापावर मजुरी मिळायची. दगड फोडला तर मोजणी, आणि वाकळ शिवली तर हौस!

आणि हे आपल्या लोकांना कळत नाही असं नाही. शेतकऱ्याच्या बाबतीत शहरातला माणूस हेच बोलतो, घरचीच माणसं राबतात, त्यांना मजुरी कसली? त्यावर आपण चिडतो, आणि चिडायलाच पाहिजे. केंद्राचा कृषी खर्च व मूल्य आयोग पिकाचा खर्च काढतो तेव्हा 'ए-टू' म्हणजे खिशातून गेलेला पैसा, आणि 'ए-टू अधिक एफएल' म्हणजे त्यात घरच्या माणसांची मजुरी धरलेली. 'सी-टू'त जमिनीचा खंड आणि भांडवलाचं व्याजही येतं. स्वामिनाथन आयोगानं उत्पादन खर्चावर ५० टक्के जास्त द्या म्हटलं, तेव्हा हा खर्च कोणता धरायचा यावर आजपर्यंत भांडण चालू आहे. १९८० साली चाकणला कांद्यासाठी रस्ता अडवला, त्या शेतकरी संघटनेची घोषणाच होती : भीक नको, हवे घामाचे दाम. ती घोषणा देऊन घसा बसलेले गडी मी बघितलेत. तेच बाजारात बुरडाच्या दुरडीपुढं उकिडवे बसतात आणि वीस रुपयांसाठी त्याला रडकुंडीला आणतात. घाम काय फक्त उसालाच येतो? आमच्या पट्ट्यात नीरा डाव्या कालव्याचं पाणी, उसाचा पैसा, टनाला पन्नास रुपये कमी पडले तर सभेत माईक ओढतात. टनाचा हिशेब तोंडपाठ असलेल्या या माणसाला घरातल्या वाकळेचा हिशेब विचारा, सांगता येणार नाही.

याचं मूळ जुनं आहे. बलुत्यात वस्तूला भाव नव्हताच. सुतारानं कुळव भरला, कुंभारानं मडकी दिली, मातंगानं कासरे वळले, त्याचे पैसे त्या दिवशी कुणी देत नव्हतं. सुगीला खळ्यावर धान्य मिळायचं. त्यात अन्याय भरपूर होता, मागायला हात पसरावा लागायचा, त्या काळाचे गोडवे मला गायचे नाहीत. पण वर्षाचं पोट त्या धान्याला बांधलेलं होतं. पुढं धान्य बंद झालं, रोख व्यवहार आला, आणि 'आपल्याच गावचा आहे, देईल कमीत' ही सवय मात्र तशीच राहिली. म्हणजे बलुत्यातलं धान्य गेलं आणि उपकार उरला.

आता प्रदर्शनांबद्दल. पुण्यात भीमथडी जत्रा भरते, मुंबईला महालक्ष्मी सरस भरतं, गटाच्या बाया तिथं माल नेतात, चार पैसे बघतात. चांगलं आहे ते. माझं भांडण त्याआधीच्या शिकवण्याशी आहे. एका प्रशिक्षणात साहेबांनी बायांना सांगितलं, नफा कमी ठेवा, विक्री वाढवा. हे साबणाच्या कारखान्याला ठीक आहे. मशीन दुप्पट पळवता येतं. बाईला हात दोनच. वीस दिवसांची वाकळ ती दहा दिवसांत कशी शिवणार? तोट्यातला माल जास्त विकला तर तोटाच वाढतो, एवढं तर दूध घालणाऱ्या पोरालाही कळतं. मग एक गट १,२०० म्हणतो, शेजारचा १,००० म्हणतो, आणि गिऱ्हाईक दोघींच्या मधे उभं राहून हसतं.

गंमत नावाचीही आहे. घरात ती वाकळ, प्रदर्शनात गोधडी, पुण्याच्या दुकानात 'क्विल्ट'. प्रत्येक नावाला भाव चढतो. दुकानदाराला भाडं आहे, पडून राहिलेल्या मालाची जोखीम आहे, त्याला नफा मिळू द्या. पण पहिली मजुरी सुईवाल्या हाताची काढा आणि मग वर काय चढवायचं ते चढवा. २०२५ च्या जूनमध्ये इटलीतल्या प्राडा कंपनीनं मिलानला कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली तेव्हा केवढा गहजब झाला. घाट उचलला आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही म्हणून सगळे ओरडले, बरोबरच होतं. त्या ओरडणाऱ्यांतल्या किती जणांनी कोल्हापुरात चप्पल घेताना घासाघीस केली नसेल?

मजुरी धरली नाही तर काय होतं ते घोंगडीनं दाखवलंय. मेंढरं धनगराची, सूत बायांनी कातायचं, सणगरानं खड्ड्यातल्या मागावर विणायचं, चिंचोक्याची खळ द्यायची. पावसात अंगावर घेतली की पाणी आत येत नाही. मग पानिपतहून जुन्या लोकरी चिंध्या पिंजून यंत्रावर केलेली ब्लँकेटं आली. घोंगडीचा भाव त्यांच्याशी लावला गेला आणि सणगराची पोरं माग सोडून कंपनीत गेली. आज कातरणीचा खर्च निघत नाही म्हणून मेंढपाळ लोकर टाकून देतात.

लोक म्हणतात, ३,४०० सांगितले तर घेणार कोण? पाचांतल्या तीन परत येतील, येऊ द्यात. वाकळ म्हणजे टोमॅटो नव्हे. टोमॅटो संध्याकाळपर्यंत विकला नाही तर रस्त्यावर ओतावा लागतो, दूध काही तासांत नासतं, ऊस वाळला की वजन जातं. म्हणून आम्ही बाजारापुढं वाकतो. आमच्या घरात थांबू शकेल असा माल फार थोडा, वाकळ त्यातली. डांबराच्या गोळ्या टाकून ट्रंकेत ठेवली तर वर्ष काढते.

ज्या बाईला थांबता येत नाही, पोराची फी आहे, दवाखाना आहे, तिचं काय? बाजार समितीत तूर, सोयाबीन ठेवलं तर किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत तारण कर्ज मिळतं. बचत गटाकडे पैसा असतोच, त्यानं वाकळेवर तसंच करावं. वाकळ गटाच्या ट्रंकेत, उचल बाईच्या हातात, आणि दहा रोजांच्या मजुरीखाली कुणीच विकायचं नाही, शेजारच्या गटानंही नाही.

वस्तीवरच्या गटानं यंदा हे करून बघितलंय. ट्रंकेत तीन वाकळा आहेत, दोघींनी उचल घेतली. वहिनींनी घेतली नाही. त्यांची वाकळ आता विकायची नाही म्हणे, लेकीच्या बाळंतपणाला द्यायची आहे.