अंगठा जुळला नाही, तर चूक कोणाची?

‘कागद खरे असतील तर घाबरता कशाला?’ ओळखपत्रांचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास आपल्या तोंडावर फेकला जातो. माझं उत्तर सरळ आहे : चूक मशीनची किंवा कारकुनाची असते आणि शिक्षा माणसाला होते, म्हणून घाबरतो.

देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. ज्याच्याकडे कसलाच कागद नाही त्याला ओळख मिळेल, असं तेव्हा सांगितलं गेलं. चांगलंच होतं. बोगस रेशनकार्डं बंद व्हावीत, पैसा दलालाशिवाय खात्यात यावा, हे मलाही हवं आहे. पण सिमेंट कालवून ज्याच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्याचा अंगठा ई-पॉस मशीन ओळखत नाही. त्याचं धान्य दुकानातच राहतं आणि कागदावर ती बचत दिसते. उपाशी राहिलेला माणूस बचतीत धरायचा, याला कार्यक्षमता म्हणायचं?

आपल्या नावांचं तर विचारूच नका. दाखल्यावर ‘मोहम्मद’, आधारवर ‘मो.’, मतदारयादीत ‘महंमद’. अम्मीचं माहेरचं नाव ‘बी’, सासरी ‘शेख’. उर्दू शाळा, मराठी कारकून, इंग्रजी फॉर्म. माणूस एकच, संगणकाला मात्र तिघं दिसतात.

याची किंमत आसामने मोजली आहे. ३१ ऑगस्ट २०१९ च्या एनआरसी यादीतून १९ लाखांहून जास्त लोक वगळले गेले. त्यांत मुसलमान होते, तसे हिंदूही होते. त्या प्रक्रियेत सुमारे २७ लाख लोकांचे ठसे अडकून पडले. पुढे यादीत नाव आलेल्यांनाही कित्येक वर्षं आधार मिळालं नाही. त्यामुळे हा प्रश्न एकट्या मुसलमानांचा समजू नका. आदिवासी, भटके-विमुक्त, ऊसतोड मजूर, सगळे याच रांगेत उभे आहेत.

सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०१८ साली आधार कायदा बहुमताने टिकला, तरी न्या. धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या वेगळ्या निकालात तो घटनाबाह्य ठरवला. ते निकालपत्र वाचा.

माझी मागणी मोजकी आहे. अंगठा जुळला नाही तर आधी रेशन द्या, चौकशी नंतर करा. नाव वगळण्याआधी लेखी नोटीस आणि दाद मागायची संधी द्या. स्पेलिंगच्या फरकावरून कुणाचा हक्क काढू नका. एका कामासाठी घेतलेली माहिती दुसऱ्या कामाला वापरू नका.

आणि मित्र-मैत्रिणींनो, नुसते संतापू नका. मोहल्ल्यात रविवारी एक टेबल मांडा, घराघरातले कागद तपासून दुरुस्तीचे अर्ज भरून द्या. खिडकीवरून कुणाला परत पाठवलं तर नकार लेखी मागा, मिळाला नाही तर माहितीचा अधिकार वापरा. सरकार आपल्याकडे पुरावा मागतं. आपणही त्याच्याकडे कारण मागायला शिकू या.