ड्रोन चित्रीकरणाची परवानगी एकाच ठिकाणी व लेखी मिळणेबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी साहेब,
जिल्हाधिकारी कार्यालय, धाराशिव.

अर्जदार : सास्तूर व परिसरातील फोटोग्राफर व व्हिडिओ शूटिंग व्यावसायिक, ता. लोहारा.

महोदय,

वरील विषयाबाबत आम्ही यापूर्वी खालच्या पातळीवर वारंवार अर्ज दिले. पोच सगळ्यांची आहे, उत्तर एकाचेही नाही. म्हणून नाइलाजाने आपल्याकडे येत आहोत. 2021 चे ड्रोन नियम आपणास ठाऊक आहेतच, ते येथे पुन्हा लिहीत नाही.

2024 च्या पावसाळ्यात बीड, जालना भागात रात्री गावांवर ड्रोन फिरत असल्याच्या बातम्या आल्या. चोर टेहळणी करतात अशी चर्चा पसरली. लोकांची भीती आम्ही समजू शकतो, आमचीही घरे गावातच आहेत. पण तेव्हापासून हातात रिमोट दिसला की तो मुलगा संशयित ठरतो.

गेल्या लग्नसराईत आमच्यातील एका तरुणाला वरात चालू असताना पोलिसांनी ड्रोन खाली उतरवायला लावला. भर दिवसा, सगळ्या वऱ्हाडासमोर. काम मुलीच्या वडिलांनीच सांगितले होते आणि ते तिथेच उभे राहून तसे सांगतही होते. तरी ड्रोन ताब्यात घेतला. पंचनामा नाही, पावती नाही, कारणाचा एक ओळीचा कागद नाही. 'दोन दिवसांनी या, देऊन टाकू' असे सांगण्यात आले. दोन दिवसांनी साहेब रजेवर. मग साहेब बंदोबस्तात. मग 'वरून पत्र येऊ द्या'. तोवर लग्नाच्या तिथ्या संपल्या, घेतलेले इसार परत करावे लागले. ड्रोन हप्त्यावर घेतलेला होता आणि हप्ता काही थांबला नाही. शेवटी ड्रोन मिळाला तेव्हा बॅटरी फुगलेली होती. पूर्ण उतरलेली बॅटरी पडून राहिली की निकामी होते, हे आम्ही पहिल्याच अर्जात लिहून कळवले होते. मेमरी कार्ड तर मिळालेच नाही. त्यात त्या मुलीची वरात होती. तिचे वडील आजही विचारतात आणि त्यांना सांगायला आमच्याकडे काही नाही. बॅटरी विकत मिळेल, ते लग्न पुन्हा कोठून आणायचे?

यानंतर आम्ही ठरवले की रीतसर विचारूनच उडवायचे. पण विचारायचे कोणाला? या कार्यालयाने त्या कार्यालयाकडे पाठवायचे, त्याने पुन्हा पहिल्याकडे. निवडणुकीच्या वेळी 'आचारसंहिता संपू द्या' असे सांगितले गेले. ती संपली. 'एक खिडकी करू' हे तोंडी आश्वासनही तेव्हाचेच. खिडकी अजून उघडलेली नाही.

दुसरी गोष्ट भूकंपाच्या गावाची आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे काय झाले ते सास्तूरकरांनी आपल्याला सांगायला नको. जुन्या गावठाणाचे वरून चित्रीकरण करावे, ते म्हाताऱ्या माणसांना दाखवावे आणि कोणाचा वाडा कोठे होता, गल्ली कोठून वळत होती, विहीर कोणती, हे त्यांच्या तोंडून नोंदवून ठेवावे अशी आमची इच्छा आहे. यासाठी कोणाकडे पैसे मागितलेले नाहीत. पुनर्वसनानंतर जन्मलेल्या मुलांनी ते गाव पाहिलेले नाही आणि ज्यांनी पाहिले ती माणसे दरवर्षी कमी होत आहेत. गेल्या स्मृतिदिनासाठी अर्ज केला होता. 'बघतो' म्हणाले. स्मृतिदिन झाला, अर्ज तिथेच आहे.

स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी शासनाने स्वतः ड्रोनने केली. आधी गावाला कळवले गेले, लोकांनी चुन्याने हद्दी आखून दिल्या, कोणी घाबरले नाही. पूर्वसूचना दिली की भीती राहत नाही, एवढेच आमचे म्हणणे आहे.

तरी आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे :

1. ड्रोन चित्रीकरणाच्या अर्जासाठी तालुक्यात एकच जबाबदार अधिकारी नेमावा. अर्ज आल्यावर ठरावीक मुदतीत होकार किंवा नकार लेखी द्यावा, नकाराचे कारण लिहावे. जिथे परवानगी लागतच नाही, तिथे तसे लिहून द्यावे, म्हणजे तो कागद आम्हाला जागेवर दाखवता येईल.

2. ड्रोन ताब्यात घ्यायचाच असेल तर पंचनामा व पावती जागेवर द्यावी. बॅटरी व मेमरी कार्डाची त्यात स्वतंत्र नोंद असावी. वरील प्रकरणाची चौकशी होऊन नुकसानभरपाई मिळावी.

3. येत्या 30 सप्टेंबरपूर्वी जुन्या गावठाणाच्या चित्रीकरणास परवानगी मिळावी.

4. ग्रामसभेतून लोकांना ड्रोन चित्रीकरणाची माहिती द्यावी.

5. व्यावसायिकांना ओळखपत्रे द्यावीत.

तुळशीचे लग्न लागले की पुन्हा तिथ्या सुरू होतील. त्याआधी निर्णय न झाल्यास आम्हाला आमची यंत्रे घेऊन आपल्या कार्यालयासमोर शांततेने धरणे धरावे लागेल. तशी वेळ येऊ नये. या वेळी तोंडी आश्वासन नको, लेखी उत्तर मिळावे ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
सास्तूर व परिसरातील फोटोग्राफर व व्हिडिओ शूटिंग व्यावसायिक

प्रत : मा. पोलीस अधीक्षक, धाराशिव
सोबत : पूर्वीच्या अर्जांच्या पोचपावत्यांच्या छायाप्रती