शिकारीतले शिसे

शिसे हे विष आहे. मुलांच्या मेंदूसाठी त्याची सुरक्षित अशी मात्राच नाही. म्हणून आपल्याकडे २००० साली पेट्रोलमधून शिसे काढले गेले. अमेरिकेत मात्र ते आजही शिकारीच्या वाटेने ताटात येते.

शिशाची गोळी हरणाच्या अंगात शिरली की तिचे बारीक कण मांसात पसरतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, शिजवूनही जात नाहीत. २००८ साली नॉर्थ डकोटा राज्यात गरिबांना वाटण्यासाठी दान आलेल्या हरणाच्या मांसात शिसे सापडले आणि वाटप थांबवावे लागले.

मग शिसे बंद का होत नाही? १९७६ च्या विषारी रसायनांच्या कायद्यातून काडतुसे वगळलेली आहेत. पाणपक्ष्यांच्या शिकारीतले शिशाचे छर्रे १९९१ पासून देशभर बंद झाले. कॅलिफोर्नियाने २०१९ पासून सर्वच शिकारीत बंदी आणली. इतरत्र राज्यागणिक नियम वेगळा. पर्याय म्हणून पितळेची गोळी करावी, तर पिस्तुलात बसणारी अशी गोळी १९८६ च्या कायद्याने चिलखतभेदी ठरू शकते आणि त्यासाठी सरकारी सूट मागावी लागते.

पोलिसांच्या जिवासाठी केलेला तो कायदा हवाच. पण शिकारीच्या बिनशिशाच्या गोळ्यांना सूट कायद्यातच स्पष्ट लिहायला काय हरकत आहे? डेन्मार्कने १९९६ मध्ये छर्रे आणि २०२४ मध्ये रायफलच्या शिसाच्या गोळ्याही शिकारीतून हद्दपार केल्या. शिकार तिथे थांबलेली नाही.

दोन कायद्यांच्या कात्रीत मुलांचे आरोग्य सापडू नये, एवढेच.