रहस्य नसलेली रहस्यकथा आणि दुभंगलेला वाचक

नव्या लेखकाच्या पहिल्याच कादंबरीवरून वाचकांत तट पडले की ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ म्हणून आपण मोकळे होतो. वर्गातही वेगळे काही घडत नाही. परीक्षण लिहायला सांगितले की विद्यार्थी एक परिच्छेद गुणांना देतात, एक दोषांना देतात आणि अखेरीस ‘एकंदरीत वाचनीय’ असा शिक्का उमटवतात. या पद्धतीला आपण समतोल म्हणतो. वास्तविक परस्परविरुद्ध मतांची अशी सरासरी काढली की हातून निसटते ती कलाकृतीच. मतभेद नेमका कोणत्या जागी पडतो आणि त्याच जागी का पडतो, हे पाहणे टीकेचे खरे काम होय. ओयिंकन ब्रेथवेट या नायजेरियन लेखिकेची ‘माय सिस्टर, द सीरियल किलर’ (२०१८) ही पहिली कादंबरी या दृष्टीने तपासून पाहण्याजोगी आहे.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगतो. स्थळ लागोस. कोरेडे ही रुग्णालयात परिचारिका आहे. शिस्तीची, टापटिपीची, दिसायला सामान्य. तिची धाकटी बहीण अयूला विलक्षण देखणी. अयूलाने आपल्या प्रियकराला, फेमीला, ठार मारले आहे आणि निस्तरण्यासाठी नेहमीप्रमाणे ताईला बोलावले आहे. हा तिसरा खून. तीन झाले की माणूस ‘सीरियल किलर’ या संज्ञेस पात्र ठरतो, हा हिशेब कोरेडेच्या मनात येतो. ती येते, ब्लीचने फरशी घासते, प्रेत हलवते, गाडी धुते. पुढे अयूला तिच्या रुग्णालयात येऊ लागते आणि कोरेडे ज्याच्यावर मनोमन प्रेम करते तो डॉक्टर टाडे अयूलावर भाळतो. शेवट येथे सांगत नाही. पण खून कोणी केला हे पहिल्या पानापासून ठाऊक असल्यामुळे सांगून टाकण्यासारखे फारसे उरतही नाही.

वाचकांचा पहिला आणि सर्वांत मोठा आक्षेप नेमका हाच आहे. ‘थ्रिलर’ म्हणून हातात घेतलेल्या पुस्तकात रहस्यच नाही, पाठलाग नाही, तपास नाही, अशी ही तक्रार आहे. ती अडाणी वाचकांची म्हणून उडवून लावणे सोपे आहे, पण तसे करू नये. थॉमस हॅरिस यांच्या ‘रेड ड्रॅगन’ (१९८१) आणि ‘द सायलेन्स ऑफ द लँब्ज’ (१९८८) या कादंबऱ्यांनी या प्रकाराला जो घाट दिला तो वाचकांच्या अंगवळणी पडला आहे. एकीकडे खुन्याचे मन, दुसरीकडे तपास करणाऱ्याचे मन आणि दोहोंमधले अंतर कमी कमी होत जाणे, असा तो घाट. हान्स रॉबर्ट याउस यांनी ज्याला अपेक्षांचे क्षितिज म्हटले, ते या वाचकापाशी तयार आहे. मुखपृष्ठावर ‘सीरियल किलर’ हे शब्द वाचून तो त्या क्षितिजाकडे पाहू लागतो, आणि पुस्तक त्याला एका घराच्या स्वयंपाकघरात नेऊन बसवते.

परंतु शीर्षक पुन्हा वाचावे. त्यात खुनी दुसऱ्या क्रमांकावर येतो. आधी येते ती ‘माझी बहीण’. ज्या ठिकाणी तपास करणारा असावयास हवा त्या ठिकाणी लेखिकेने साफसफाई करणारी बसवली आहे. पोलीस या कादंबरीत येतात, प्रश्न विचारतात. पण कायद्याचे खरे दर्शन घडते ते एका किरकोळ प्रसंगात. रस्त्यावर पोलीस कोरेडेची गाडी अडवतो. समोरची बाई शिकलेली आहे हे पाहून तो बिथरेल, म्हणून ती मुद्दाम मोडके इंग्रजी बोलते आणि पैसे देऊन सुटते. हा प्रसंग कथानकाला पुढे नेत नाही, असे म्हणणारे वाचक आहेत. माझ्या मते संपूर्ण कादंबरीचे तर्कशास्त्र येथे एकवटले आहे. जेथे शासनयंत्रणेशी नागरिकाचा संबंध मुख्यतः वाट काढण्यापुरता येतो, तेथे सत्य शोधून काढणारा कुशाग्र अधिकारी उभा करणे हीच खोटी कल्पना झाली असती. तपासकथेला लागणारी संस्थांवरची श्रद्धा या कथेतल्या लागोसमध्ये नाही. म्हणून पाठलागही नाही. रहस्याचा अभाव हा रचनेतला दोष नसून त्या जगाविषयीचे विधान आहे.

दुसरा आक्षेप विनोदाचा. रक्ताने माखलेल्या प्रसंगांशेजारी इतका हलका सूर कशासाठी, असे काहींना वाटते. इतरांना मात्र तोच सूर पुस्तकाचा सर्वांत मोठा गुण वाटतो. फेमी बेपत्ता म्हणून लोक हळहळत असताना अयूलाला समाजमाध्यमांवर छायाचित्रे टाकण्याची घाई, आणि ‘तू शोकात असायला हवीस’ हे तिला समजावून सांगण्याची कोरेडेवर आलेली पाळी. येथे हसावे की शहारावे? हा प्रश्न आपल्या काव्यशास्त्राला अपरिचित नाही. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त भयानक आणि करुण हे हास्याचे विरोधी रस म्हणून सांगितले आहेत. त्याही आधी आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या तिसऱ्या उद्द्योतात रसविरोध कसा टाळावा याचा विचार केला आहे. विरोधी रसांचे आश्रय निराळे ठेवले तर विरोध बाधत नाही, ही त्यातली एक वाट.

ब्रेथवेट यांनी नकळत का होईना, हीच वाट धरली आहे. हसू येते ते अयूलाच्या निश्चिंतपणाचे. भीती वसते ती कोरेडेच्या मनात. अयूला स्वतः कधी घाबरत नाही आणि कोरेडेला स्वतःवर हसण्याइतकी फुरसत क्वचितच मिळते. आश्रय निराळे असल्यामुळे दोन्ही भाव शेजारी नांदतात. ज्या वाचकाने अयूलाकडे पाहत पुस्तक वाचले त्याला ते विनोदी वाटले, ज्याने कोरेडेच्या खांद्यावरून पाहिले त्याला ते गुदमरवणारे वाटले. दोघांनीही कादंबरी नीटच वाचली आहे. त्यांची बसण्याची जागा वेगळी आहे.

तिसरा मतभेद मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो नैतिक आहे. अयूला खून का करते? या बहिणींचे वडील क्रूर होते. मुलींना मारीत, कुटुंबाची प्रतिष्ठा मात्र जपून असत. अयूलाजवळचा सुरा त्यांचाच. त्यांच्या मृत्यूविषयीचे सत्य अर्धेच उघडते. एवढ्या सामग्रीवर वाचकांच्या एका गटाने सरळ निष्कर्ष काढला, की ही पुरुषी अत्याचारावरच्या सूडाची कथा आहे, आणि त्याबद्दल पुस्तकाला डोक्यावर घेतले. दुसऱ्या गटाने म्हटले की कारण नीट सांगितलेलेच नाही, व्यक्तिरेखा पोकळ आहे. माझे मत असे, की या ठिकाणी स्तुती करणाऱ्यांपेक्षा तक्रार करणारे पुस्तकाच्या अधिक जवळ आहेत. अयूला प्रत्येक वेळी स्वसंरक्षणाची सबब सांगते आणि प्रत्येक वेळी कोरेडेचा तिच्यावरचा विश्वास थोडा उणावतो. फेमी कविता लिहीत असे. त्याच्या ओळी कोरेडेला छळत राहतात. लेखिकेला सूडकथा लिहावयाची असती तर मेलेल्या माणसाला इतका आवाज देण्याचे काही कारण नव्हते. वडिलांचा क्रूरपणा बहिणी एकमेकींना का धरून राहिल्या हे सांगतो. फेमी का मेला हे तो सांगत नाही. ही दोन उत्तरे एक करून टाकली की वाचकाची अस्वस्थता शमते. म्हणूनच ती एक करण्याचा मोह होतो, आणि म्हणूनच तो आवरावा.

आता जे आक्षेप मला मान्य आहेत तेही सांगितले पाहिजेत. कोरेडे आपली सारी गुपिते मुहतार नावाच्या बेशुद्ध रुग्णापाशी बोलते आणि पुढे तो शुद्धीवर येतो. आतला आवाज बाहेर आणण्याची ही युक्ती फार सोयीची आहे; तो शुद्धीवर येणार हे वाचक आधीच ताडतो. टाडे हा डॉक्टर सौंदर्याला भुलणाऱ्या पुरुषाचा नमुना म्हणून उभा राहतो, माणूस म्हणून फारसा नाही. प्रकरणे इतकी आखूड आहेत की काही ठिकाणी प्रसंग रुजण्याआधीच पान उलटते. वेगाच्या नावाखाली याचे समर्थन करणाऱ्यांशी मी सहमत नाही. पहिल्या कादंबरीच्या या मर्यादा आहेत आणि त्या मर्यादा म्हणूनच नोंदवाव्यात.

या दुभंगलेल्या मतांमागे एक बाह्य कारणही आहे. २०१९ साली ही कादंबरी बुकर पारितोषिकाच्या दीर्घ यादीत आणि विमेन्स प्राइझच्या लघुयादीत होती. २०२० साली तिला ‘ब्रिटिश बुक अवॉर्ड्स’मध्ये गुन्हेकथा व थ्रिलर विभागाचा पुरस्कार मिळाला. म्हणजे दोन निरनिराळ्या दारांतून दोन निरनिराळे वाचक आत आले. एकाला ती पुरेशी थरारक वाटली नाही, दुसऱ्याला पुरेशी गंभीर. दोन्ही तक्रारी ऐकल्या की लक्षात येते, ती पुस्तकाबद्दल जितकी आहेत तितकीच त्या दारांबद्दलही आहेत. यापूर्वीही असे घडले आहे. इयन बँक्स यांच्या ‘द वास्प फॅक्टरी’ (१९८४) या पहिल्या कादंबरीत कोवळ्या वयात तीन खून केलेला मुलगा स्वतःची कहाणी सांगतो. तिच्यावर काहींनी स्तुतिसुमने उधळली, काहींनी तिला गलिच्छ ठरवले. आणि पुढील पेपरबॅक आवृत्तीत दोन्ही प्रकारचे अभिप्राय शेजारी शेजारी छापण्यात आले. त्यात विक्रीचा हिशेब असेलही. तरीही त्या छापील पानावर सरासरी काढलेली नव्हती, एवढे खरे.

आपल्याकडे रहस्यकथेला अभ्यासक्रमाच्या उंबरठ्याबाहेर ठेवण्याची रीत जुनी आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि कित्येकांना वाचनाची गोडी लावली. पण त्यांच्या वाचकांना त्यात काय सापडत होते, याचा विचार आपल्या वर्गांत क्वचितच होतो. लोकप्रिय प्रकारातल्या पुस्तकाविषयी वाचक भांडतात तेव्हा ते कथनाच्या मूलभूत प्रश्नांवरच भांडत असतात. उत्सुकता कशातून जागते, हसणे कोठे शोभते, पापाला शिक्षा मिळालीच पाहिजे का, निवेदकावर किती विश्वास ठेवावा? यांतला एकही प्रश्न हलका नाही.

ब्रेथवेट यांच्या कादंबरीपुरते बोलायचे तर यांतला शेवटचा प्रश्न मला सर्वांत टोचतो. कोरेडे डाग काढते तेव्हा तिचे कौशल्य आपण कौतुकाने वाचतो. डाग नीट निघावा, गाडीच्या डिकीत काही राहू नये, अशी काळजी आपल्यालाही वाटू लागते. ती धाकटीला सांभाळून घेते हे मायेचे, कर्तव्याचे वाटते. आणि हे सारे वाटत असताना एक माणूस मेलेला असतो. वर्गात हे पुस्तक घेतले तर ‘आवडले की नाही’ हा प्रश्न मी विचारणार नाही. कोरेडेची बाजू तुम्ही कोणत्या पानावर सोडली, एवढेच विचारीन. उत्तरे निरनिराळी येतील, काही जण ‘सोडलीच नाही’ असेही म्हणतील. चर्चा तेथून सुरू करावी.