गोळी सोडणे हा त्याग नाही



चातुर्मास जवळ आला की आपल्या घरांत बोलणी सुरू होतात. कोण हिरवी भाजी सोडणार, कोण चार महिने चौविहार करणार, कोणाचा तेला, कोणाची अठाई. या बोलण्यांत अलीकडे आणखी एक वाक्य ऐकू येते, "मी तर झोपेची गोळीही बंद केली." ऐकणाऱ्या लगेच अनुमोदना करतात. माझे म्हणणे एवढेच आहे की अनुमोदना करण्याआधी विचारा, कोणती गोळी? आणि डॉक्टरांना विचारून का?

आमच्या राणीसावरगावात काय किंवा गंगाखेड-परभणीला काय, मनासाठी दिलेल्या प्रत्येक औषधाला आपण 'झोपेची गोळी' म्हणतो. बीपीची गोळी स्वयंपाकघरात सगळ्यांसमोर असते, ही मात्र कपाटात साड्यांच्या घडीत. लपवलेल्या औषधाबद्दल कोणी नीट विचारत नाही आणि कोणी नीट सांगत नाही. खरे तर या एका नावाखाली निदान तीन वेगळी औषधे आहेत.

पहिले अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम यांचे. मेंदूत गाबा नावाचे रसायन पेशींची धावपळ कमी करते. या गोळ्या त्याचा जोर वाढवतात, म्हणून थोड्याच वेळात छातीतली धडधड थांबते, डोळा लागतो. पण काही आठवड्यांत शरीराला त्यांची सवय होते. मग एकदम बंद केल्या तर झोप उडते, हात थरथरतात, जीव घाबरा होतो, कधी झटकेही येतात. वयस्कर माणसाला या गोळ्यांनी रात्री उठताना तोल जाऊन पडण्याचा धोका असतो. अल्प्राझोलाम, डायझेपाम ही औषधे 2014 पासून एच-वन या यादीत आहेत. दुकानदाराने ती चिठ्ठीवरच द्यायची आणि डॉक्टरांचे व रुग्णाचे नाव वहीत नोंदवायचे, असा नियम आहे. तरीही "मागच्यासारखीच एक पट्टी द्या" हे आपण सगळ्यांनी ऐकले आहे. ही गोळी वर्षानुवर्षे चालू असेल तर ती कमी करण्याचा विचार जरूर व्हावा, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थोडी थोडी करून.

दुसरी एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन. ही झोपेची औषधे नाहीतच. ती उदासीनतेवर आणि सततच्या चिंतेवर देतात. मेंदूतले सेरोटोनिन पेशींत परत ओढले जाते, ते या गोळ्या अडवतात. गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. म्हणून "आठ दिवस घेतली, काही फरक नाही" म्हणत ती सोडू नये. एकदम सोडली तर चक्कर, मळमळ, चिडचिड, डोक्यात करंट गेल्यासारखे वाटणे, असा त्रास होऊ शकतो. त्याहून मोठा धोका उशिरा दिसतो. पर्युषण छान पार पडते, संवत्सरी होते आणि दिवाळीच्या फराळाच्या दिवसांत ती बाई अंथरुणातून उठत नाही. तेव्हा कोणाला आठवते की गोळी आषाढात बंद झाली होती?

तिसरे लिथियम, बायपोलर आजारासाठी. याचे रक्तातले प्रमाण फार जपावे लागते. शरीरातले पाणी कमी झाले की ते वाढते आणि विषासारखे बाधू शकते. लिथियम घेणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता एक दिवसाचाही निर्जळ उपवास करू नये.

माझ्या माहेरच्या नात्यातल्या एका काकूंनी अठाई मांडली आणि त्याच दिवशी अल्प्राझोलाम थांबवली. तिसऱ्या दिवशी त्यांचे हात कापायला लागले, दोन रात्री झोप नव्हती. घरात सगळे म्हणाले, "तप लागतंय, नवकार म्हणा." शेवटी सुनेने डॉक्टरांना हळूच गोळीचे सांगितले आणि मग उपचार झाले. काकू बऱ्या झाल्या. पण सून बोलली नसती तर, हा विचार मला सोडत नाही.

आता धर्माचे. पच्चक्खाण घेताना आपण आगारही उच्चारतो, म्हणजे सवलती. त्यांत एक आगार सर्वसमाधीचा आहे. आजारात समाधी ढळू नये म्हणून औषध घ्यावे लागले तर पच्चक्खाण मोडत नाही. ज्यांनी नियम घालून दिले, त्यांनीच आजारी माणसाची काळजी वाहिली आहे. रात्रीची गोळी असणाऱ्यांनी चौविहाराऐवजी दुविहार घ्यावा का, हे महाराजसाहेबांना विचारावे. आणि हीच गोळी सकाळी घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारावे. दुसऱ्या प्रकारातल्या अनेक गोळ्या सकाळी घेता येतात. त्याग आवडीच्या वस्तूचा असतो. औषध हा काही रस नाही.

काहीजणींची अडचण कॅप्सूलच्या आवरणाची असते. ते बहुधा जिलेटिनचे, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेले असते. ही हरकत रास्त आहे. तेच औषध साध्या गोळीत मिळते का, किंवा शाकाहारी आवरणात मिळते का, हे विचारा. मात्र कॅप्सूल स्वतःच उघडून पूड घेऊ नका.

"त्यापेक्षा जडीबुटी बरी, अपाय नाही," असेही ऐकते. मग सर्पगंधेचे ऐका. ही मुळी वेड, निद्रानाश यांवर आपल्याकडे फार पूर्वीपासून देत. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये तिचा रक्तदाबावरचा उपयोग ब्रिटिश नियतकालिकात मांडला आणि जगाचे लक्ष तिकडे गेले. 1952 मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढले गेले. ते मन शांत करी, पण मेंदूतला सेरोटोनिनसारख्या रसायनांचा साठाही रिकामा करी, आणि ते घेणारे काही रुग्ण खोल उदास झाल्याच्या नोंदी आहेत. मुळी झाली तरी ती औषधच. तिलाही मात्रा आहे, अपाय आहे.

म्हणून यंदा पच्चक्खाण घेण्याआधी गोळ्यांची पट्टी घेऊन डॉक्टरांकडे जा. किती दिवसांचा उपवास, पाणी पिणार की नाही, हे स्पष्ट सांगा. डॉक्टर नको म्हणाले तर स्वाध्याय, सामायिक, मौन ही तपेच आहेत, त्यांना गोळी आड येत नाही. मन फारच खचले असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर 14416 या टेली-मानसच्या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येते. आणि घरातल्या सासूबाई, जाऊबाई, लेक यांच्यापैकी कोणी अशी गोळी घेत असेल तर तिला ती बीपीच्या गोळीशेजारी उघड ठेवू द्या.