एका पेटीत दोन वूफर कशासाठी?

गणेशोत्सव आणि नवरात्र जवळ आले, की परतवाड्यात मांडववाल्याइतकीच ध्वनिक्षेपकवाल्याचीही लगबग सुरू होते. अचलपूर-परतवाडा ही मुळात जुळी नगरे. परंतु जोडीचा हा आग्रह आता पेट्यांपर्यंत येऊन पोहोचला आहे. ‘डबल वूफरचीच पेटी आणा’, असे कार्यकर्ते बजावतात, कारण दोन वूफर म्हणजे दुप्पट आवाज अशी त्यांची समजूत असते. या समजुतीपायी वर्गणीचा पैसा आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची झोप अशी दोन्ही खर्ची पडतात. म्हणून सणाच्या पानावर हा काहीसा रुक्ष विषय आम्ही मुद्दाम घेत आहोत.

वूफर म्हणजे खर्ज वाजविणारा मोठ्या पडद्याचा स्पीकर. खर्ज उत्पन्न करावयाचा तर हवा पुष्कळ ढकलावी लागते. स्वर एक सप्तक खाली गेला, की आवाज तेवढाच राखण्यासाठी पडद्याला पूर्वीच्या चौपट अंतर मागेपुढे हलावे लागते. खर्जासाठी काहीतरी जड आणि विस्तृत हलवावे लागते, ही गोष्ट आमच्या मृदंग करणाऱ्यांना पूर्वापार ठाऊक आहे. डाव्या पुडीला ओल्या कणकेचा लेप देतात तो याचसाठी. स्पीकरचा पडदा मात्र हवा तेवढा हलू शकत नाही. मर्यादेबाहेर ताणला की आवाज फाटतो, आणि कॉइल तापून जळण्याची भीती असते ती वेगळीच.

दुसऱ्या वूफरचे प्रयोजन येथे आहे. दोघांनी काम वाटून घेतले म्हणजे तोच आवाज काढण्यास प्रत्येकाला निम्मेच हलावे लागते. उष्णता दोन कॉइलींत विभागते आणि खर्ज स्वच्छ येतो. बारा इंची दोन पडद्यांचे क्षेत्रफळ सुमारे सतरा इंची एका पडद्याएवढे भरते. पण तो एकच मोठा पडदा जड होतो आणि पेटी अवाढव्य रुंद करावी लागते. घरातील उंच व अरुंद पेट्यांत लहान वूफर एकावर एक बसविलेले दिसतात, त्याचे कारण हेच. अशा काही पेट्यांत तर एक वूफर केवळ खर्ज सांभाळतो आणि दुसरा त्यावरचे स्वरही वाजवितो. सारांश, ही युक्ती मुळात स्पीकरला विसावा देण्याची आहे.

आता आवाजाच्या दुपटीचा हिशेब पाहू. पहिल्याएवढाच विद्युत्दाब देऊन शेजारी दुसरा वूफर जोडला, तर खर्ज साधारण सहा डेसिबलने वाढतो. परंतु त्यासाठी अँप्लिफायरला दुप्पट शक्ती पुरवावी लागते. कानाला आवाज दुप्पट भासावयास मात्र सुमारे दहा डेसिबल लागतात! म्हणजे पेट्या दुप्पट केल्या, भाडे दुप्पट मोजले, तरी ऐकणाऱ्यास दुप्पट काही मिळत नाही. मिरवणुकीतील चढाओढीचे मर्म आमच्या मते येथेच आहे. पुढच्या मंडळाने दोनच्या चार पेट्या केल्या तरी फरक जेमतेम जाणवतो, म्हणून मागचे मंडळ आठ आणते, आणि शेवटी ट्रकवर भिंत उभी राहते. शिवाय आठ ओहमचे दोन वूफर समांतर जोडले की अँप्लिफायरपुढे चारच ओहमचा रोध उरतो. त्याची तेवढी कुवत नसेल तर तोच आधी कोलमडतो. एका वूफरची धन-ऋण टोके चुकून उलटी जोडली गेली तर आणखीच मौज होते. एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो, आणि खर्ज जवळजवळ नाहीसाच होतो.

तरीही आमची खरी चिंता पैशाची नाही. पन्नास आवर्तनांच्या स्वराची लहर जवळपास सात मीटर लांब असते. ती घरांना वळसा घालते, खिडक्या थरथरविते आणि विटांच्या भिंतीलाही फारशी जुमानत नाही. गीताचे शब्द वरच्या पट्टीत असतात, त्यांना तीच भिंत अडविते. परिणामी देवाचे नाव गल्लीतच राहते आणि ठोका तेवढा आजाऱ्याच्या खाटेपर्यंत, बाळंतिणीच्या खोलीपर्यंत जातो.

कायदा याबाबत मुका नाही. सन 2000च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागास दिवसा 55 व रात्री 45 डेसिबल ही मर्यादा घातली आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपकास बंदी आहे. वर्षातून फार तर पंधरा दिवस राज्य शासन मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2005च्या निकालात हा विषय विस्ताराने हाताळला आहे. परंतु एक त्रुटी राहतेच. हे मोजमाप मानवी कानाच्या संवेदनेस अनुसरून केले जाते, आणि त्यात पन्नास आवर्तनांच्या आसपासच्या खर्जातून सुमारे तीस डेसिबल वजा होतात. भिंतीसमोर यंत्र धरले तर मर्यादा ओलांडलेली दिसतेच. पण दोन गल्ल्या पलीकडे बंद घरात कपाटातील भांडी वाजत असताना यंत्राचा काटा सौम्यच राहू शकतो. ‘आम्ही मर्यादेत आहोत’ असे कार्यकर्ते तेथे प्रामाणिकपणेही सांगू शकतील. जुलै 2025मध्ये राज्य शासनाने सार्वजनिक गणेशोत्सवास राज्य महोत्सवाचा दर्जा दिला आहे. हा मान मिळालेल्या उत्सवात खर्जाचे मोजमाप स्वतंत्रपणे व्हावे, ही अपेक्षा आम्हांस अवाजवी वाटत नाही.

मंडळांना तोवर थांबण्याचे कारण नाही. कीर्तन-प्रवचनात शब्द स्पष्ट कळतो तो मुख्यत्वे एक ते चार हजार आवर्तनांच्या व्यंजनांमुळे; तेथे वूफरचे काम थोडेच असते. दगडी सभामंडपात तर खर्ज घुमत राहून शब्दच गिळून टाकतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीचा खर्ज तो केवढा. तरी त्यांच्या भजनाने अवघा वऱ्हाड जागा झाला. मृदंग, ढोलकी असेल आणि मैदान मोकळे असेल, तर दोन वूफरची पेटी जरूर आणावी. मात्र अँप्लिफायरची कळ एका वूफरला लागत होती त्याहून खालीच ठेवावी. आरतीपूर्वी एका कार्यकर्त्याने मांडवामागील शेवटच्या घरात जाऊन, दार लावून, पाच मिनिटे बसून यावे आणि मग पेटीवाल्यास खर्जाची कळ किती उतरवावयाची ते सांगावे.