पारखून घ्यावीत हत्यारं!

दोस्तांनो, गेल्या महिन्यात याच पानावर आपण चिमण्यांसाठी लाकडी घरटं केलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत एकच सूर आहे : घरटं करायचंय हो काका, पण हत्यारं कुठून आणू? एका पठ्ठ्यानं करवत शेजाऱ्यांची आणली, हातोडीच्या जागी वरवंटा वापरला (आईला कळलं की नाही?) आणि भोक पाडायला चक्क तापवलेला खिळा! एका मैत्रिणीनं तर दुकानात जाऊन चौकशी केली आणि हिशेबच पाठवलाय. सगळ्याचे मिळून चार-साडेचार हजार होतात, आणि तिच्या डब्यात जमलेत ८१० रुपये.

अगं, ८१० रुपयांत बरंच काही येतं. फक्त सगळं एकदम येत नाही आणि सगळं नवं येत नाही.

आधी काय हवं ते ठरवू या. त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. खंडेनवमीला ओळखीच्या सुतारकाकांकडे जा. त्या दिवशी त्यांनी हत्यारं पुसूनपासून, हळदकुंकू वाहून मांडलेली असतात. नीट मोजा. वर्षभर पोट भरणारा तो कारागीर, पण त्याची रोजची हत्यारं किती थोडी असतात! करवत, हातोडी, दोन-तीन पटाश्या, रंधा, गुण्या, कानस, पक्कड. बाजारात चाळीस-पन्नास नगांचे चकचकीत संच मिळतात ना, त्यातले तीस नग आयुष्यात एकदाही लागत नाहीत, आणि लागतात ते मऊ लोखंडाचे निघतात. तेव्हा पुढच्या कामाला जे हवं तेवढंच घ्यायचं. घरट्याला काय लागतं? करवत, हातोडी, गुण्या आणि भोक पाडायला काहीतरी. बस!

आता नवं काय घ्यायचं आणि जुनं काय? माझं मत सांगतो. पक्कड, हातोडी, पेचकस नवेच घ्या. चांगली पक्कड तीन-चारशे रुपयांत मिळते, आणि ती नीट वापरली तर तुमची मुलंही वापरतील. जुनं घ्यावं ते जड, बिडाचं आणि महागाचं. व्हाइस, म्हणजे वस्तू घट्ट धरून ठेवायचा जबडा, किंवा हातानं फिरवायचं गिरमिट, ऐरणीचा तुकडा, पटाश्या. या वस्तूंना वयाचं फारसं काही वाटत नाही.

कुठं मिळतात? पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरत आलेला जुना बाजार अनेकांना माहीत असेल. मुंबईत चोर बाजार आहे. गावात दोन्ही नसले तरी भंगारवाला असतोच की! आणि मला विचाराल तर तोच सगळ्यात भारी. कारण तो लोखंड वजनावर घेतो. त्याच्या ढिगात पटाशी आली की ती पटाशी राहत नाही, चारशे ग्रॅम लोखंड होते. त्याच्याशी ओळख ठेवा, 'असलं काही आलं तर बाजूला ठेवा काका' म्हणून सांगून ठेवा. जाताना घरातलं मोठं कुणीतरी बरोबर हवं, आणि हातात जाड कापडी मोजे. ढिगात कुठं काय धारदार पडलंय सांगता येत नाही.

बरं, वस्तू हातात आली. आता पारख!

व्हाइस घेताना आजी माठ कसा घेते ते आठवा. बोटानं टिचकी मारून वाजवून बघते की नाही? तसंच करायचं. जबडा सैल करा आणि छोट्या हातोडीनं हलकेच ठोका. खणखणीत वाजला तर ठीक. बद्द आवाज आला तर बिडात कुठंतरी तडा असण्याची शक्यता. बीड ठिसूळ असतं, तडा गेलेला व्हाइस आवळताना कधी दगा देईल नेम नाही. त्यावर वेल्डिंगचा जोड दिसला तरी सोडून द्या, कितीही स्वस्त असो.

करवत डोळ्यासमोर धरून कडेनं बघा, बंदुकीचा नेम धरतात तशी. पातं सरळ दिसलं पाहिजे. किंचित वाकवून सोडलं तर पुन्हा सरळ व्हायला हवं. आणि दात बघा : एक डावीकडे, एक उजवीकडे असे वळवलेले असतात. त्यामुळे चीर पात्यापेक्षा थोडी रुंद पडते आणि करवत लाकडात अडकत नाही. दात सरळ झाले असतील तर धार लावणाऱ्याकडून ते पुन्हा वळवून घेता येतात. त्याची मजुरी धरूनच भाव करा!

पटाशीवर नुसता तांबूस गंज असला तर घाबरू नका, तो घासून जातो. पण गंजानं खड्डे पडले असतील, आणि तेही धारेजवळ सपाट बाजूला, तर नको. आणखी एक खूण. टोक निळसर दिसतंय का? कुणीतरी धार लावताना यंत्रावर फार तापवलंय. पोलादाचं पाणी उतरलं की धार टिकत नाही. निळा भाग थोडासाच असेल तर तो घासून काढून पुढचं पोलाद वापरता येतं, पण खाली पातं किती उरलंय ते बघा.

आणि गुण्या! ही परीक्षा तर भूमितीच्या बाईंनाही आवडेल. सरळ कडेच्या फळीवर गुण्या टेकवून पेन्सिलीनं रेघ मारा. मग तो पालटून, डावीकडचा उजवीकडे करून, त्याच बिंदूपासून दुसरी रेघ मारा. दोन्ही एकमेकींवर बसल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर मधला कोन मोजा आणि निम्मा करा, तेवढी त्याची चूक. का निम्मा? गुण्या ९० ऐवजी ८९ अंशांचा असेल तर एक रेघ एका बाजूला १ अंश झुकते, दुसरी दुसऱ्या बाजूला १ अंश. मध्ये २ अंश झाले की नाही? दुकानात फळी नसते, म्हणून एक छोटी सरळ पट्टी पिशवीत घेऊनच जा.

विजेवरच्या जुन्या यंत्रांपासून मात्र सध्या दूर राहा. आईबाबा घेणार असतील तर त्यांनी आधी पाठीवरची पट्टी वाचावी. परदेशातून आलेली काही यंत्रं ११० व्होल्टची असतात. आपल्याकडे घरात २३० व्होल्ट. असं यंत्र थेट लावलं की बाबांचे पैसे धुरात! वायरवर चिकटपट्ट्या, जळकट वास, तीन पिनांच्या जागी दोन उघड्या तारा, असलं काही दिसलं तर किंमतही विचारू नये.

अजून एक. डब्यासकट नवीकोरी ड्रिल मशीन पाव किमतीत मिळतेय, पावती नाही, विकणारा घाईत. अशा वेळी पुढे चालू लागा. ती बहुधा कुणा कारागिराच्या पिशवीतून गेलेली असते. हत्यार नाही म्हणून दुसऱ्या दिवशी त्याला काम नाही, काम नाही म्हणून मजुरी नाही. शिवाय चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा गुन्हाच आहे.

भाव करायचा का? करायचा की, त्यातच तर मजा! पण इथंही माझं एक खोडसाळ मत आहे. पथारी टाकून उन्हात बसलेल्या आजोबांनी चांगल्या पटाशीचे ३० रुपये सांगितले आणि तुम्हाला ठाऊक आहे की नवी कितीतरी महाग पडते, तर 'वीसला द्या' म्हणू नका. मुकाट्यानं ३० द्या. जमलं तर, 'आजोबा, ही लाकडाची पटाशी आहे, लोखंडाच्या भावानं विकू नका' असंही सांगा. पुढच्या रविवारी तुमच्यासाठी काय काय जपून ठेवतील बघा! घासाघीस करायची ती ज्याला सगळे भाव पाठ आहेत त्याच्याशी.

कधी कधी अशा जुन्या हत्याराच्या लाकडी मुठीवर नाव कोरलेलं असतं. कुण्या सुताराचं असेल. मूठ तासून टाकू नका. ती त्याच्या तळव्यानं इतकी गुळगुळीत झालेली असते की नव्या मुठीला ती सर येत नाही. नाव राहू द्या, खाली जागा असली तर आपलं घाला.

पुढच्या आठवड्यात गंजलेली पटाशी घासून लखलखीत करू. ढिगातली एखादी आणून ठेवा, आणि एक काचेची पसरट बरणी, थोडं व्हिनेगर, जुना दातघासायचा ब्रश. बरणी आईला विचारून घ्या, लोणच्याची नको!